शेळीच्या बाजूनं

राहू, १९ जानेवारी

आप्पा, जय भीम.

शेळी जिवंत आहे, हे आधी सांगते. नागसेनदादानं फोनवर पहिला प्रश्न बिबट्याचा विचारला, दुसराही बिबट्याचाच. शेळीचं कुणी काही विचारलं नाही.

माझा फोन तुम्ही उचलत नाही. दादाच्या फोनवरून तुमचा आवाज तेवढा रेकॉर्ड होऊन येतो, तोही दादाशी बोलल्यासारखा. "सांग तिला, जयंतीला वाघाचं गाणं पायजे. तिच्या दारात बिबट्या घावलाय, आता तरी लिही म्हणावं. आन् डरकाळी घाल. मैदान हललं पायजे." ऐकणारी मीच, आणि निरोपही मलाच! असू द्या. पण माझं पाकीट तुम्ही फोडता हे मला पक्कं माहीत आहे. लग्न करून राहूला आले तेव्हापासून गाणी मी पोस्टानंच धाडली आणि त्यातलं एकही तुम्ही परत केलं नाहीत. म्हणून हे पत्र.

आमच्या वस्तीला चारी बाजूंनी ऊस. दिवाळीनंतर तोड सुरू झाली आणि बिबट्या फडातून बाहेर पडला. शेजारच्या संपतच्या गोठ्यातून वासरू गेलं. मग खुटबावच्या वाटेवर दूधवाल्याच्या गाडीला तो आडवा आला. तुमच्या शिरूरकडं तर माणसं गेली, बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात, ते तुम्ही रोज बघताच. इथं वनखात्यानं बांधावर पिंजरा आणून लावला. त्या पिंजऱ्याला दोन कप्पे असतात. पुढचा मोठा बिबट्याचा, त्याचं दार वरून पडतं. मागचा लहान, त्यात शेळी ठेवायची. मधे जाड जाळी. शेळीला आत चारा असतो, पाणी असतं. "शेळी एकदम सेफ असती, मावशी," असं गार्ड माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, म्हणाला. तरी शेळी द्यायला वस्तीवर कुणी तयार होईना. शेवटी आत्याबाईंनीच आमची शेळी चांदी दिली. "न्या. पर परत आणून द्या," एवढं म्हणाल्या आणि पाठ फिरवून चुलीपुढं जाऊन बसल्या.

काही रात्री रिकाम्या गेल्या. काल उजाडता उजाडता संपतनं आरोळी दिली, तेव्हा आम्ही दोघी पळत गेलो.

आप्पा, तो ओरडत नव्हता. गज चावून चावून त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं होतं, कपाळाची कातडी सोलली होती, आणि तो बसला होता. श्वास तेवढा ऐकू येत होता. गिरणी बंद केल्यावर पट्टा फिरत राहतो ना, तसा. अर्ध्या तासात सगळा गाव गोळा झाला. मोबाईल वर झाले. कुणी शिट्ट्या मारल्या. संपतचं वासरू गेलेलं, त्याला चेव आला, त्यानं जाळीतून काठी आत घातली. तेव्हा त्या जनावरानं मान वळवून फक्त बघितलं. पिंजऱ्याला कुलूप होतं, वर साखळी होती. तरी सगळी माणसं मागं सरकली. मीसुद्धा. संपत ठिबकच्या नळ्यांत पाय अडकून उताणा पडला. हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही.

आणि चांदी मागच्या कप्प्यात उभी होती. चाऱ्याला तोंड लावलेलं नव्हतं. गार्डनं तिचं दार उघडलं तर ती बाहेर येईना, बसेना, ओरडेना. आत्याबाईंनी तिला उचलून घरी आणली. अंगावर ओरखडा नाही. दूध मात्र देत नाही.

गाणं मी लिहीन. ते वाघाचंच असेल, पण शेळीच्या तोंडून येतंय, त्याला माझा इलाज नाही. आणि या वेळी शेवटच्या कडव्यात तुमचं 'बबन म्हणे' येणार नाही, गौतमी येईल. दोन वर्षांपूर्वी शिरूरच्या स्टेजवर माझंच गाणं गाताना मी माझं नाव घेतलं, तर तुम्ही पेटीचा भाता बंद करून खाली उतरलात आणि तेव्हापासून मुके झालात. तुमच्या पार्टीची निम्मी गाणी माझी आहेत. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, दादाला ठाऊक आहे. मैदानाला नाही.

गौतमी


राहू, ७ फेब्रुवारी

आप्पा, जय भीम.

तुमचा निरोप पोचला. "सांग तिला, आपल्यात शेळीचं गाणं गात न्हाईत. शेळ्या कापत्यात. आपुन वाघाची लेकरं हाय. जयंतीला बें बें करायला गेलो तर लोक खुर्च्या उचलून घरी जातील."

तुमचा राग मला कळतो. आपल्याला पिढ्यानपिढ्या शेळी करून ठेवलं, म्हणून गाण्यात आपण वाघ झालो. ते गाणं पाहिजेच होतं. ते ऐकूनच मी शाळा शिकले. पण आता डरकाळी इतकी झाली आहे की बारशालाही डरकाळी आणि पतसंस्थेच्या उद्घाटनालाही डरकाळी. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन झोपतात.

तरी तुमची आज्ञा म्हणून मी डरकाळीचं गाणं लिहून बघितलं. 'डरकाळी फोडी ढाण्या, हादरे सारं रान.' यमकाला 'भान' होतं, 'मान' होतं, 'शान' तर पायलीला पन्नास. भांडी घासता घासता म्हणत होते तर आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "कुठं वरडला गं त्यो? म्या तितंच हुती की." झालं गाणं! वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, मग खोटं कशाला म्हणायचं?

आता माझं ऐका, मग रागवा. मोकळ्या वाघाचं गाणं सोपं. तो झेप घेतो, पळतो, धरतो, तुम्ही नुसतं त्याच्या मागं पळत लिहायचं. पण कोंडलेल्याजवळ करायला काही शिल्लक नसतं. उठला, बसला, मान वळवली, संपलं. मग त्याचा जोर दाखवायचा कुठं? डरकाळी घातली तर त्याची किंमत वाढत नाही, कमीच होते. डरकाळी म्हणजे त्याचं गाऱ्हाणं झालं, आणि तो गाऱ्हाणं सांगत नव्हता. त्याचा जोर समोरच्याच्या अंगात दिसतो. संपतच्या पडण्यात दिसतो, चांदीच्या कासेत दिसतो.

हे मला कुणी शिकवलं? भीमेला पूर आला होता तेव्हा मी पुराचं गाणं लिहून आणलं. पाणीच पाणी, लाटाच लाटा. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "पूर दाखवायचा तर पानी नगं दाखवू. छपरावर बसल्याली कोंबडी दाखव." मी कोंबडीच दाखवते आहे, आप्पा. फक्त ती शेळी आहे.

आणि माझी शेळी कापलेली नाही. ती रात्रभर बघून आली आहे. गावात एवढ्या जणांनी व्हिडिओ काढले, त्यातल्या कुणालाही तिच्याएवढं माहीत नाही.

जयंतीला मी शिरूरला येणार नाही, हेही सांगून टाकते. प्रोग्राम रात्रीचे, आणि आमच्याकडं दिवस मावळायच्या आत दार लागतं. तुमच्या जावयानं, सम्राटनं, सगळ्या ओट्याला लोखंडी जाळी मारून घेतली आहे. काम छान झालंय, हिरवा रंग दिलाय. बिबट्या धरला हे खरं, पण एक धरला की त्याच्या जागेवर दुसरा येतो असं सगळेच म्हणतात, आणि फडात पुन्हा पाय उमटलेत. सम्राट कुरकुंभच्या कंपनीत, त्याची शिफ्ट बदलते, मग बायकामाणसांनी आत राहिलेलं बरं. किल्ली आत्याबाईंच्या कनवटीला असते. हरवायला नको म्हणून.

तेव्हा गाणं तुम्हालाच गावं लागणार. माझ्याजवळ शब्द आहेत, बाहेर न्यायला गळा तुमचाच आहे. या गोष्टीचा मला किती राग येतो ते लिहीत नाही.

चांदीला गूळ आणि शेपूची भाजी घातली. पान्हा नाही.

गौतमी


राहू, १ मार्च

आप्पा, जय भीम.

गाणं धाडते आहे. चाल तुमच्या जुन्या पाळण्याचीच, पण संथ.

जाळीपल्याड श्वास त्याचा, जाळीअल्याड मी
कुणी कुणाला धरलं होतं, सांगा ना तुम्ही

चारा होता पुढ्यात माझ्या, पाणी होतं गार
मधे होती लोखंडाची जाळी भक्कम फार
त्यानं काही केलं नाही, नुसता बसला तो
माझ्या चारी पायांमधला जोर गेला हो

गाव आलं बघायाला, मोबाईल हातात
कुणी मारी शिट्टी, कुणी काठी घाली आत
मान त्यानं वळवली, एवढंच केलं काम
कुलूप होतं दारावरती, गावाला फुटला घाम

सुखरूप आहेस, म्हणती सारे, ओरखडा ना अंगी
दूध कुठं गं गेलं मग हे, कुणी नेलं संगी
वाचले म्हणून नाचू किती, दार आहे बंद
ज्याला धरून नेलं त्याचा अंगी राहिला गंध

दादाला सांगा, 'मान त्यानं वळवली' म्हटल्यावर ढोलकी एकदम थांबवायची. थाप नाही, घुंगरू नाही, पेटीचा सूरसुद्धा धरायचा नाही. लोकांना वाटलं पाहिजे की कुणी तरी चुकलं. ते पुढं वाकतील. मग सावकाश 'एवढंच केलं काम'. दादाला हे अवघड जाईल, मोकळी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवतात. पण त्या रिकाम्या जागेतच जनावर आहे. ती भरली की ते गेलं.

मी हे चांदीला म्हणून दाखवलं. हसू नका. तिनं कान हलवले.

शेवटचं कडवं तयार आहे. धाडलेलं नाही. त्यात माझं नाव आहे आणि ते ध्रुपदाच्या यमकात बसवलंय, काढू म्हटलं तर गाणं मोडेल. तुमचा निरोप आला की धाडीन.

गौतमी


राहू, २४ मार्च

आप्पा, जय भीम.

"सांग तिला, पार्टी बबनरावच्या नावानं चालती. लोक बबन ऐकायला येत्यात. शेवटचं कडवं धाड म्हणावं, नावाचं माझं मी बघतो. बाकी गाणं..." इथं तुम्ही थांबलात. मग खोकलात. मग दादाला म्हणालात, "बंद कर ते." त्या 'बाकी गाणं'पुढं काय होतं, ते मी पुन्हा पुन्हा कान लावून ऐकलं. खोकल्याशिवाय काही सापडलं नाही.

नावाचं तुम्ही काय बघणार ते मला माहीत आहे. तुम्ही शिरूरला खाटेवर बसून राहूच्या शेळ्या हाकता. उंटावर बसला असतात तरी समजलं असतं. कडवं मिळणार नाही. बिननावाचं गाणं गायचं असेल तर गा. अशा गाण्याला आपल्यात बेवारस म्हणतात, कुठलीही पार्टी उचलते, हे तुम्हीच सांगत होतात. उचलू द्या.

दौंडच्या करुणाताई परवा येऊन गेल्या. तुम्ही त्यांना "ती फाटक्या आवाजाची" म्हणता, पण त्यांची पार्टी आता तुमच्यापेक्षा जास्त फिरते. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गाणं गेलं. मला म्हणाल्या, "आमच्याकडं ये. जयंतीला दौंडात गा. तुझं नाव तू घी, मी मधी येत न्हाई." आम्ही बराच वेळ बोललो. त्या अंगणात उभ्या होत्या आणि मी ओट्यावर. दिवस मावळला होता, सम्राट सेकंड शिफ्टला गेला होता, आणि किल्ली हल्ली त्याच्याकडंच असते. मागं मी एकदा संध्याकाळी विहारात बायकांना गाणं शिकवायला गेले आणि परतायला अंधार झाला. तेव्हापासून तो किल्ली डब्याच्या पिशवीत टाकून घेऊन जातो. मारलंबिरलं काही नाही, तसं मनात आणू नका. त्याला खरंच भीती वाटते. त्या रात्री तो मला शोधायला बॅटरी घेऊन उसाच्या कडेनं एकटा आला होता आणि त्याचे हात कापत होते. ज्याचे हात कापतात त्याच्याशी भांडायचं कसं, ते मला येत नाही. तुमच्याशी येतं.

करुणाताईंना चहा दिला. जाळीतून कप जाईना. आत्याबाईंनी बशी आधी काढून दिली आणि मग कप तिरका करून बाहेर सरकवला, त्यात निम्मा सांडला. करुणाताईंनी कपाचं बूड पुसलं. राहिलेला निम्मा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "मग कळव." मी म्हटलं, विचार करते. विचार कसला करणार? जयंती दौंडातही रात्रीचीच.

हे तुम्हाला का लिहिलं कळत नाही. लिहिणार नव्हते. पान फाडायला हवं होतं, पण हेही किराण्याच्या हिशोबाच्या पाठीवर लिहिलंय, दुसरा कागद नाही.

गौतमी


राहू, १८ एप्रिल

आप्पा,

व्हिडिओ बघितला. दादानं धाडला, मग करुणाताईंनी, मग माझ्या चुलत सासऱ्यांनी, मग कासुर्डीच्या एका बाईनं, जिला मी ओळखत नाही.

आधी गाण्याचं सांगते. तुम्ही शेळीचं गाणं गायलात. पांढरा फेटा, निळा गमछा, पेटीवर हात, आणि पहिल्याच ओळीला आवाज खाली घेतलात. सगळा जन्म वरच्या पट्टीत काढलेला माणूस खाली आला. मी एवढं सुचवलंही नव्हतं. 'मान त्यानं वळवली' म्हणालात आणि ढोलकी थांबली. दादानं हात मांडीखाली दाबून धरले होते, ते व्हिडिओत दिसतं. पुढच्या रांगेत एक बाई पोराला घास भरवत होती, तिचा हात तसाच राहिला. मला वाटलं, आप्पांना कळलं. ती छपरावरची कोंबडी तुम्ही मला शिकवलीत, आणि तुमच्याइतकी ती अजून मला येत नाही. हे तोंडावर कबूल करायला मला जड जातं, म्हणून इथं करते.

मग गाणं संपलं आणि कुणी उठेना. 'बबन म्हणे'ची वाट बघत होते सगळे. मागून कुणी तरी ओरडलं, "आप्पा, नाव घ्या की!" तुम्ही माइक धरून नुसते उभे. आणि मग म्हणालात, "ह्या गाण्याचा कवी हितं न्हाई. राहूला हाय. कुलपात हाय. दीस मावळला की बिबट्याच्या भ्यानं दार लावत्यात आन् किल्ली नवरा घिऊन जातो. माझी लेक हाय ती."

मैदान हललं. तुम्हाला जसं हवं होतं तसं हललं. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली, बाया डोळे पुसत होत्या, आणि सगळे मोबाईल वर.

'कवी' म्हणालात तेव्हा मी रडले. आत्तापर्यंत मला तसं कुणी म्हटलेलं नाही, तुम्ही तर नाहीच. मग पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा. लेक म्हणालात, कवी म्हणालात, राहू म्हणालात, कुलूप, किल्ली, नवरा, सगळं म्हणालात. गौतमी तेवढं म्हणाला नाहीत.

आप्पा, एवढं भरलेलं मैदान होतं. त्याला माझं कुलूप सांगितलंत आणि नाव नाही. मी न राहवून एका पत्रात जे लिहिलं, ते तुम्ही बरोबर वाचलंत. वाचणार हे मला माहीत होतं, तुमच्यासारखा वाचणारा मला दुसरा नाही. पण वाचून तुम्ही काय केलंत? मला बाहेर काढलं नाहीत, लोकांना दाखवलंत. त्यांनी शिट्ट्या मारल्या नाहीत, टाळ्या वाजवल्या, एवढाच फरक. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, पण तुम्ही वातडही म्हणाला नाहीत. तुम्हाला ती गोड लागली.

इथं काय झालं ते ऐका. सम्राटला कंपनीच्या कँटीनमध्ये कुणी तरी व्हिडिओ लावून दाखवला. सुपरवायझर हिंदीत म्हणाला, "भाई, बीवी को ताले में रखता है?" घरी आला, डब्याची पिशवी टाकली, आणि माझ्याशी नाही, आईशी बोलला. "मी हिला मारतो का? कोंडून उपाशी ठिवतो का? त्या दिवशी फडात पाय बघितलं तवापासून मला झोप न्हाई, आन् हिच्या बापानं मला पार कसाई करून टाकला." आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "कसाई न्हाईस तू. पर आवंदा जाळीतनं चहा म्या दिलाय पाव्हनीला, त्यो सांडताना म्या बघितलाय. किल्ली हितं ठीव." तो जेवला. उठताना त्यानं किल्ली चुलीशेजारच्या फळीवर ठेवली. दार संध्याकाळी अजून लागतं. ते मीच लावते आणि किल्लीकडं बघत झोपते. पुढचं भांडण माझं आहे, मी इथं भांडीन. ते तुमच्या माइकवर पुन्हा यायचं नाही. आलं तर ही शेवटची चिठ्ठी समजा.

चांदीला अजून दूध नाही. आत्याबाईंनी तिला विकायचं नाही असं ठरवलंय.

आता मुद्दा. बुद्ध पौर्णिमेला इथल्या विहारात दर वर्षी रात्री गाणी असतात. मी पंचांना म्हटलं, बिबट्या रात्रीचा, मग गाणी सकाळी का नको? आधी म्हणाले, सकाळी कुठं गाणी असत्यात का? बाया म्हणाल्या, रात्री आम्हाला तरी कोण सोडतंय. पंचांनी मान्य केलं. तर सकाळी आहेत, वंदना झाली की लगेच. करुणाताई दौंडहून ढोलकीवाला घेऊन येणार. सम्राट माझ्याशी अजून बोलत नाही, पण मंडपाला लागणारी ताडपत्री त्यानं काल आणून ओट्यावर टाकली.

शेळीचं गाणं मी गाणार आहे, पूर्ण. शेवटचं कडवं तुम्ही मागितलं होतं, ते हे घ्या:

डरकाळी मी ऐकली नाही, सांगू कशी खोटी
धरलेल्याचं बळ कळतं बघणाऱ्याच्या पोटी
दूध आटलं, बोल फुटला, ऐका आता तुम्ही
जाळीपाशी रात्र काढून बोलते गौतमी

हे तुम्ही कुठं गायचं नाही. त्या दिवशी यायचं. न्हावऱ्यावरून पहिली एसटी धरलीत तर वंदनेच्या आधी पोचता. पुढं खुर्ची ठेवलेली नाही, हार नाही, माइक तर नाहीच. अक्षर ओळखायला यायला लागल्यापासून लग्न होईपर्यंत मी तुमच्या मागं कोरसात बसले. शिरूरची ती एक रात्र सोडली तर मैदान मी कधी बघितलं नाही, तुमचा फेटा आणि पाठ बघितली, आणि तुम्ही टाकलेली ओळ उचलली. आता तुम्ही माझ्या मागं बसा.

ध्रुपद तुम्ही उचलायचं. नाव माझं मी घेईन.

गौतमी